शेवटचं अक्षर गिळणारी लायब्ररी? रिअॅक्टिव्ह-बनाना वापरून पाहिल्यावर

टिपणं लिहायला रिअॅक्टिव्ह-बनाना वापरून स्वतःपुरतं एक छोटं अॅप करत होते. प्रत्येक अक्षरागणिक आपोआप सेव्ह व्हावं, एवढीच मागणी. ‘नमस्कार’ टाइप केलं, फाइल उघडली, तर आत ‘नमस्का’. पुन्हा टाइप केलं, पुन्हा ‘नमस्का’. फाइल लिहिण्याचा कोड दीड तास उकरला आणि चूक तिथे नव्हतीच.

चूक माझ्या समजुतीत होती. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या या लायब्ररीत मुख्य गोष्टी दोनच. इव्हेंट म्हणजे एखाद्या क्षणी घडतं ते, आणि बिहेवियर म्हणजे कधीही विचारा, व्हॅल्यू हजर. (मांडणी जुनी आहे, कॉनल एलियट आणि पॉल ह्यूडॅक या संशोधकांच्या 1997 च्या कामातली.) ‘स्टेपर’ या फंक्शनने इव्हेंटपासून बिहेवियर बनवता येतं. मी मजकुराचं बिहेवियर तसंच बनवलं आणि कीबोर्डची की दाबल्यावर त्यातला मजकूर उचलून सेव्ह केला. पण स्टेपरचा नियम असा, की इव्हेंट येतो त्या नेमक्या क्षणी बिहेवियर जुनीच व्हॅल्यू देतं, नवी दिसते ती त्यानंतर. डॉक्युमेंटेशनमध्ये हे सगळं एका ‘पेक्षा लहान’ (<) चिन्हात आहे (इव्हेंटची वेळ विचारण्याच्या वेळेपेक्षा लहान हवी), आणि मी तिथे ‘लहान किंवा समान’ वाचून पुढे गेले होते. सेव्हसाठी सरळ इव्हेंटमधलाच मजकूर घेतला. एक ओळ बदलली, ‘र’ परत आला.

तेव्हा वाटलं, हा कसला हट्ट! मग त्याच अॅपमध्ये ‘पुढचं पान’ हे बटण केलं, दहाव्या पानावर थांबणारं. क्लिक मोजायचा की नाही हे पानाच्या आकड्यावर ठरणार, आणि आकडा मोजलेल्या क्लिकवर. आधी कोंबडी की आधी अंडं? त्या क्षणी नवा आकडा दिसत असता तर गाडी इथेच अडकली असती. जुना दिसतो म्हणून दोन्ही व्याख्या एकमेकींत गुंतवून लिहिल्या, आणि बटण दहावर मुकाट थांबलं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे अर्धवट अपडेट दिसत नाही. एक संख्या घ्या, तिच्यापासून ‘संख्या अधिक एक’ बनवा आणि पहिली दुसरीपेक्षा लहान आहे का, ते विचारा. उत्तर कायम ‘हो’च हवं. जावास्क्रिप्टच्या आरएक्स-जेएस या लायब्ररीत ताज्या व्हॅल्यू जोडणाऱ्या ‘कम्बाइन-लेटेस्ट’मध्ये पाचाचे सहा होताना एक बाजू आधी बदलते, दुसरी अजून जुनी असते, आणि मध्येच ‘सहा सहापेक्षा लहान नाही’ असं उत्तर निसटून जातं. इथे दोन बिहेवियर जोडली तरी असा मधला क्षण नसतो.

एकाच वेळी येणाऱ्या इव्हेंटचंही तसंच. माझ्या एंटर कीमधून ‘नवी ओळ’ आणि ‘टीप बंद’ असे दोन इव्हेंट निघत होते. ते एकत्र करायला ‘युनियन-विथ’ला एक फंक्शन द्यावंच लागतं, दोन्ही एकदम आले तर काय करायचं ते सांगणारं. टाळाटाळ चालत नाही. मला तोवर तो प्रश्न पडलाच नव्हता.

आता कुरकुर. बिहेवियर बदललं की स्क्रीन बदलायची, एवढ्या साध्या कामाला ‘चेंजेस’ हे फंक्शन वापरावं, तर ते ‘फ्यूचर’मध्ये गुंडाळलेली व्हॅल्यू हातात ठेवतं. कारण तेच, नवी व्हॅल्यू अजून आलेलीच नसते. कारण पटतं, पण पहिल्या दिवशी टाइप (व्हॅल्यूचा प्रकार) जुळत नसल्याची एरर वाचून डोकं धरलं. उदाहरणं बहुतेक डब्ल्यूएक्स या स्क्रीनवरच्या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या लायब्ररीवर बेतलेली, त्यामुळे दुसरं काही वापरणाऱ्याने बाहेरचे इव्हेंट आत कसे आणायचे ते स्वतःच जुळवायचं. माझा पहिला रविवार त्यातच गेला.

पाचापैकी चार तारे देईन. पाचवा त्या ‘पेक्षा लहान’ चिन्हाशेजारी कुणी दोन वाक्यं लिहिली की लगेच.