घरपोच थायरॉईड तपासणी, नागपूर : आकडा मिळतो, अर्थ मिळत नाही

घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका तपासणी सेवेची मी गेली तीन वर्षे ग्राहक आहे. सेवेचे नाव देत नाही, कारण शहरात अशा चार-पाच सेवा एकाच साच्याच्या आहेत आणि माझ्या फजितीत सेवेइतकाच माझाही वाटा आहे. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर या भागांत राहणाऱ्या आणि थायरॉईडची गोळी वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर घेणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना मात्र हा अनुभव उपयोगी पडावा.

२०१९ मध्ये माझा टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक, ११.८ निघाला आणि डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन या औषधाची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. पुढच्या वर्षी टाळेबंदी लागली, दवाखान्यात जाणे थांबले आणि ते पुन्हा सुरू झालेच नाही. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचे असले तरी कोपऱ्यावरचे दुकानदार रिकामी बाटली पाहिली की भरलेली काढून देतात. गोळीचा खर्च महिन्याला शंभर रुपयांच्या आत आणि तपासणी फोनवरून ठरते. मग धंतोलीतल्या दवाखान्यापाशी गाडी लावायला जागा शोधत फिरायचे कशासाठी, असा माझा हिशेब होता. अशा रीतीने रुग्ण, डॉक्टर आणि कारकून या तिन्ही भूमिका माझ्याकडेच आल्या.

आधी सेवेचे जे चांगले आहे ते सांगते. रक्त घ्यायला येणारा मुलगा सकाळी साडेसहाला दारात असतो. खांद्यावर निळी पेटी, पेटीत बर्फाच्या पिशव्या. आल्या आल्या विचारतो, ‘‘काकू, चहा नाही न झाला?’’ दंडाला पट्टा बांधून, शीर चाचपून तो एकाच टोचण्यात काम करतो. पिवळ्या झाकणाच्या नळीवर बारकोडची पट्टी चिकटवली की नळी माझ्यासमोर धरून नाव आणि वय मला मोठ्याने वाचायला लावतो. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण नमुन्यांची अदलाबदल टाळण्याचा याहून साधा उपाय नाही आणि तीन वर्षांत त्याने तो एकदाही चुकवलेला नाही. अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी मोबाईलवर येतो. प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळांची गुणवत्ता पारखणाऱ्या संस्थेची मान्यता आहे आणि अहवालावर तसे चिन्ह असते. एकट्या टीएसएचचे पैसेही मला कधी जड वाटले नाहीत.

तक्रारीची सुरुवात होते ती नोंदणीपासून. ‘थायरॉईड प्रोफाइल’ मागवले की टी-३, टी-४ आणि टीएसएच मिळतात. टी-३, टी-४ ही ग्रंथीने तयार केलेली संप्रेरके. पण हे टी-३, टी-४ एकूण असतात, म्हणजे रक्तातील प्रथिनांना चिकटलेला भागही त्यात धरलेला असतो. गोळीच्या मात्रेचा विचार करताना टीएसएचच्या जोडीला मोकळा टी-४, म्हणजे एफटी-४, अधिक उपयोगाचा असतो आणि तो वेगळा मागावा लागतो. फोनवरची मुलगी हे सांगत नाही. ती सांगते ते सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजबद्दल, आणि नको म्हटले की दोन दिवसांनी पुन्हा फोन करते. अँटी-टीपीओ ही तपासणी तर मला तीनदा विकली गेली. आपल्याच शरीराने थायरॉईड ग्रंथीवर हल्ला चढवला आहे का, हे तीवरून कळते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये वर्णिलेला विकार तो हाच. ती एकदा वाढलेली निघाली की काम झाले. गोळीची मात्रा काही तिच्या आकड्यावरून ठरत नाही.

दुसरी तक्रार वेळेची आहे. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, आणि गोळी घेतल्यानंतर काही तास एफटी-४ वर चढलेला असतो. दोन अहवालांची तुलना करायची तर रक्त साधारण एकाच वेळी आणि गोळी घेण्याआधी द्यायला हवे. सेवेची वेळ ‘सहा ते दहा’ अशी सैल आहे, आणि नेहमीचा मुलगा सुटीवर असताना दुसरा साडेअकराला उगवला होता. तोवर गोळी, पोहे, चहा सगळे झालेले होते. तो म्हणाला, ‘‘थायरॉईडला उपाशीपोटी लागत नाही, काकू.’’ हे खरेच आहे. उपाशीपोटी लागते ती गोळी. पण गोळीच्या आधी की नंतर, हे त्याच्या कागदावर कुठेच लिहिले गेले नाही.

आता माझ्या डॉक्टरकीविषयी. एका अहवालात टीएसएच ७.२ आला, म्हणून मी ५० चे ७५ केले. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिले, ५.९ आला. ‘एवढेच?’ म्हणून अधीरपणे १०० केले. या गोळीचे अर्धे प्रमाण शरीराबाहेर जायला सुमारे सात दिवस लागतात. नवी मात्रा रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून रेंगाळत येतो. म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची असते, हे मला ठाऊक नव्हते. दोन महिन्यांनी जिना चढताना छाती धडधडू लागली, झोप उडाली आणि टीएसएच ०.२१ वर आला. पुन्हा ७५ वर आले आणि आठ आठवडे दम धरला, २.८ आला. तीन आठवड्यांच्या अंतराने तपासणी मागवणाऱ्या ग्राहकाला ‘इतक्या लवकर कशाला?’ असे विचारणारे या सेवेत कोणी नाही, कारण प्रत्येक नळीमागे पैसे मिळतात.

खरा घोळ झाला तो पुढच्या एप्रिलमध्ये. केस गळत होते म्हणून दुकानदाराने केसांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यात १० मिलिग्रॅम बायोटिन होते. या जीवनसत्त्वाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका गोळीत तीनशेहून अधिक दिवसांचा शिधा. एप्रिलच्या मध्यास अहवाल आला : टीएसएच ०.०४, एफटी-४ वरच्या मर्यादेच्या बाहेर, दोन्ही आकडे लाल अक्षरांत. थायरॉईडची गोळी जास्त होते आहे अशी माझी खात्री पटली, आणि मी ती आधी निम्मी केली, मग बंदच केली.

पंचवीस मेपासून आपल्याकडे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागतो. बाहेर पंचेचाळीस अंशांचा धडाका, घरोघरी कूलर घरघरत असलेले, आणि आमच्या घरात मी चादर ओढून म्हणत होते, तो कूलर बंद करा. पापण्या सुजल्या होत्या, आवाज जाड झाला होता, आणि बहिणीने फोनवर ‘ताई, झोपेतून उठवलं का?’ असे दुपारी चार वाजता विचारले. नवऱ्याने मात्र कूलरचे ऐकून चपला घातल्या आणि मला धंतोलीत नेले.

डॉक्टरांनी अहवाल पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, ‘‘केसांसाठी काही घेत होता का?’’ अनेक प्रयोगशाळांमधील यंत्रे रेणू पकडून ठेवण्यासाठी बायोटिनच्याच चिकटपणाचा उपयोग करतात. रक्तातच बायोटिनचा पूर आलेला असेल तर यंत्र फसते, टीएसएच खोटा कमी दिसतो आणि एफटी-४ खोटा जास्त. म्हणजे हुबेहूब जास्त थायरॉईडचे चित्र, तेही व्यक्ती ठणठणीत असताना. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने याबद्दल २०१७ मध्येच इशारा दिला होता. केसांच्या गोळ्या बंद केल्या, चार दिवस जाऊ दिले आणि पुन्हा रक्त दिले तेव्हा टीएसएच ३८ निघाला. प्रयोगशाळेने हलगर्जी केली नव्हती. यंत्राला जे दिसले ते तिने छापले. मात्र माझ्या हातात तो देण्याआधी एक प्रश्न विचारण्याचे काम कोणाचेच नव्हते. डॉक्टरांनी तीच ७५ ची गोळी पुन्हा सुरू केली आणि आठ आठवड्यांनी ३.० आला. मूळची मात्रा बरोबरच होती.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी कळल्या. सकाळच्या गोळीनंतर अर्ध्या तासाने मी कॅल्शियम घेत असे. कॅल्शियम आणि लोह यांच्यासाठी चार तासांचे अंतर हवे, नाहीतर गोळी पोटातच अडकते. आणि बाटली मी फ्रिजवर, कूलरच्या ओल्या झोतात ठेवत होते. औषध पंचवीस अंशांच्या खाली, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावे असे बाटलीवर लिहिलेलेच असते. नागपूरच्या उन्हाळ्यात निदान कोरडी, अंधारी जागा तरी कपाटाच्या आतल्या कप्प्याशिवाय सापडत नाही.

अहवालाच्या भाषेबद्दलही लिहायला हवे. आपल्याकडे टीएसएच वाढला की ‘थायरॉईड वाढला’ असे म्हणतात. वास्तविक ग्रंथी मंदावली म्हणून मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी टीएसएच पाठवून तिला हाका मारत असते. हाक जितकी मोठी तितकी ग्रंथी सुस्त. आमच्या इमारतीतील एका काकूंनी अहवालात ९ च्या पुढे वर जाणारा लाल बाण पाहिला आणि ‘वाढलाय म्हणजे गोळी जास्त झाली’ म्हणून गोळी निम्मी केली. त्या बाणाखाली मराठीत एक ओळ छापली असती तर हे टळले असते. सेवेचा अहवाल सगळा इंग्रजीत असतो. मराठीत असतात त्या फक्त जाहिराती.

मी ही सेवा सोडलेली नाही. रक्त घेण्याच्या कामाला पाचपैकी पाच गुण देईन, नोंदणी आणि विक्रीला दोन, आणि अहवालानंतरच्या मदतीला शून्य, कारण ती नाहीच. ज्यांची मात्रा डॉक्टरांनी ठरवून दिली आहे आणि ज्यांना सहा महिन्यांनी फक्त आकडा पाहायचा आहे, त्यांनी ती जरूर वापरावी. गर्भवती किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेल्या स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि साठीच्या पुढची मंडळी यांनी अहवाल पाहून स्वतः मात्रा बदलण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये : पहिल्या गटात बाळाच्या मेंदूचा प्रश्न असतो, आणि इतरांना गोळी जास्त झाल्यास हृदयाचे ठोके बिघडण्याचा व हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

बायोटिनचा प्रश्न नोंदणीच्या वेळीच विचारावा, असे मी सेवेला ईमेलने कळवले. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ असे उत्तर आले आणि सोबत पॅकेजवर सवलतीचा कूपन. नोंदणीच्या अर्जात अजून काही बदललेले नाही. मात्र गेल्या खेपेला त्या मुलाने पट्टा बांधता बांधता विचारले, ‘‘काकू, केसांच्या गोळ्या-बिळ्या घेऊन नाही राहिल्या न?’’ आणि मी नाही म्हटल्यावर आपल्या कागदाच्या समासात पेनाने लिहिले : बायोटिन नाही, गोळी घेतलेली नाही, वेळ ६.४०.