सोलापुरात स्नोबोर्डला मेण लावताना: इस्त्री, स्क्रेपर आणि ब्रशचा 14 महिन्यांचा अनुभव

स्नोबोर्ड म्हणजे बर्फावरून घसरत जायची फळी; ती नीट सरकावी म्हणून तिच्या तळाला मेण लावतात. संच साधा आहे: मेणाची खास इस्त्री, जास्तीचं मेण खरवडायला 4 मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिक स्क्रेपर, नायलॉनचा ब्रश आणि कोणत्याही बर्फाला चालणाऱ्या मेणाच्या वड्या. गुलमर्गचे दोन हंगाम आणि मधला एक सोलापुरी उन्हाळा काढल्यावर मत पक्कं झालंय. सगळ्यात महाग वस्तू इस्त्री, पण काम बिघडतं ते स्क्रेपरवर, आणि त्याला कारण आपली हवा.

इस्त्रीबद्दल तक्रार नाही. तळ जाड, वाफेची भोकं नाहीत, 120 अंशांवर लावली की फारशी हलत नाही. कपड्यांची साधी इस्त्रीही चालते, पण ती एका ठिपक्यावर साधारण 110, दोनवर 150 आणि तीनवर 200 अंश तापते. म्हणून काटा एक आणि दोन ठिपक्यांच्या मध्येच ठेवावा, आणि ती इस्त्री पुन्हा शर्टावर फिरवू नये. बोर्डचा बेस, म्हणजे बर्फाला टेकणारा तळ, पॉलिथिलीनचा असतो, तो 130-135 अंशांच्या आसपास वितळतो. मध्ये मेणाचा थर आहे आणि इस्त्री सतत सरकतेय, म्हणूनच तो वाचतो. एका जागी थांबलात तर बेस भाजतो आणि तिथे मेण मुरत नाही. मेणातून धूर दिसला की लगेच काटा खाली आणा.

बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायचे पट्टे) आधी काढून ठेवा, निदान स्क्रू तरी सैल करा. घट्ट स्क्रूंमुळे बेसला खळगे पडतात आणि ते तापल्यावर वाढतात. एका बोर्डाला 15-20 ग्रॅम मेण पुरतं. दोन्ही एजलगत (बाजूच्या पोलादी कडांलगत) जास्त थेंब टाका, कारण कडक बर्फावर बेस तिथेच आधी पांढरा पडतो. पंखा बंद ठेवा. इस्त्रीमागे चार-पाच बोटं ओलं मेण दिसत राहील एवढा वेग ठेवा. वरची बाजू हाताला कोमट लागली की पुरे.

खरी अडचण यापुढे. ‘अर्धा तास थंड होऊ द्या’ हा सल्ला थंड प्रदेशातल्या खोलीसाठी आहे. मार्चमधल्या दुपारी सोलापुरातली खोली 35 अंशांच्या वर असते, तिथे मेण घट्ट होतच नाही. स्क्रेपर फिरवला की ते सुटण्याऐवजी लोण्यासारखं पसरतं, आणि मुरलेलंही ओढून निघतं. ओलं फडकं किंवा बर्फ लावून घाई करू नका. मेण अचानक आकसून तडकतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री इस्त्री करून पहाटे सहाला खरवडायला घ्या. तेव्हा सुकी, कुरकुरीत सालं निघतात. स्क्रेपर 45 अंशांत धरून नोजकडून (पुढच्या टोकाकडून) टेलकडे (मागच्या टोकाकडे) ओढा, उलटं कधीच नाही. नखाने खरवडून मेण येईनासं झालं की थांबा.

स्क्रेपरची धार दोन बोर्डांत जाते, हा या संचाचा एकमेव खरा दोष. बोथट स्क्रेपरला जोर जास्त लागतो आणि जोराने बेसवर लाटा उठतात. सपाट ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर लावून कड काटकोनात घासली की धार परत येते. पत्र्याच्या स्क्रेपरचा मोह टाळा, एक तिरका हात बेसला चर पाडतो.

ब्रशचे 10-15 हात, तेही नोजकडून टेलकडे. पुसायला टेरी टॉवेल नको. गावात तो ढिगाने मिळतो, पण त्याचे धागे मेणात अडकतात. जुना धुवट पंचा उत्तम.

आपल्या उन्हाचा फायदा एकाच कामात होतो. हंगाम संपल्यावर मऊ मेण लावून ते गरम असतानाच खरवडलं की काळा मळ सगळा वर येतो. त्यानंतर जाड थर द्या, एजही झाका आणि तो न खरवडता राहू द्या. पावसाळ्यात एजला गंज चढत नाही. बोर्ड पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की तिथलं तापमान मेण वितळेल एवढं चढतं. आतल्या खोलीत, सोलापुरी चादरीत गुंडाळून आडवा ठेवा. या उन्हाळ्यात थर शाबूत राहिला, फक्त चादरीच्या घड्यांशी थोडी धूळ चिकटली होती. ती पहिल्याच खरवडण्यात निघून गेली.