भाजीच्या वाफ्यांमधल्या वाटांवर लाकडाच्या ढलप्या : नऊ महिन्यांनंतर

परवा मेथी निवडताना सासूबाईंच्या बोटात कूस गेली. सुईने काढली, हळद लावली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या वाटा आता भाजीत यायला लागल्या." ते खरं आहे, म्हणून लिहायला बसले.

नाशिकजवळ मखमलाबादला घरामागे आमची दोन गुंठे परसबाग आहे. माती काळी, चिकण. ज्यांची तशी आहे त्यांना पावसाळ्यातली वाट म्हणजे काय ते सांगायला नको. चार वांगी तोडून आणायची तर चपलेला किलोभर चिखल, आणि तो ओट्यापर्यंत. वाटेसाठी याआधी बरंच करून झालं होतं. खडी टाकली, ती दोन पावसाळ्यांत मातीत गडप झाली आणि अजून कुदळीला लागते. शहाबादी फरशीवर शेवाळ धरलं, हे घसरून पडले. घोटीच्या राइस मिलचं तूस आणलं, ते उन्हाळ्यात वाऱ्याने उडालं आणि उरलेलं पहिल्या पावसात वाहून गेलं.

मग गेल्या मे महिन्यात शेजारच्या कॉलनीत एक वठलेला रेन ट्री आणि दोन सुबाभळी तोडल्या. तोडणाऱ्यांकडे फांद्यांच्या ढलप्या करायचं मशीन होतं. माल फुकट, फक्त उचलायचा. माझ्या वाटा दोन फूट रुंद, सगळ्या मिळून नव्वद फूट लांब. चार इंच थर द्यायचा तर ६० घनफूट माल लागतो. छोटा हत्ती टेम्पोच्या दोन खेपा झाल्या, भाडं आणि भराई मिळून ३,१०० रुपये गेले. फुकटच्या मालाला एवढे पैसे, हे मला तेव्हा फार लागलं होतं.

पहिल्या पावसात मात्र सगळं विसरले. जुलैत तीन दिवस झड लागली होती, चौथ्या दिवशी मी कारली काढून आणली आणि चप्पल दारात काढताना बघते तर तळ कोरडा! पाणी ढलप्यांतून खाली जातं, पाय वरच्या वर राहतो आणि खालची माती तुडवून दगड होत नाही. त्या दिवशी मी तीन वेळा उगाच बागेत जाऊन आले.

ऑगस्टमध्ये एकदा रात्री जोराचा पाऊस झाला, तेव्हा उतारावरच्या ढलप्या तरंगत जाऊन कंपाउंडच्या जाळीत अडकल्या आणि पाणी तुंबलं. वाटेत दर सहा फुटांवर एक वीट आडवी गाडली, तो प्रश्न मिटला. सुबाभळीच्या शेंगा मालात आल्या होत्या, त्यामुळे वाटभर सुबाभूळ उगवली. ती कोवळी असतानाच उपटावी लागते, नंतर मूळ सोडत नाही. तणाचं म्हणाल तर आघाडा, केना, गाजरगवत जवळपास गेलं. लव्हाळा गेला नाही. त्याचा कोंब सुईसारखा, खाली पुठ्ठा अंथरला होता तोही भोकसून वर आला. ओढला की निघतो सहज, पण गाठ खालीच राहते.

सप्टेंबरात मी ढलप्यांवर जवळजवळ फुलीच मारली होती. एका वाफ्यातली वांगी पिवळी पडली, वाढ थांबली. लाकूड नत्र खातं हे ऐकलेलं होतंच, त्यामुळे सगळा दोष वाटांना दिला. नंतर कळलं की कामाला येणाऱ्या मावशींनी तो वाफा खणताना वाटेवरच्या दोन घमेली ढलप्या "खत होईल" म्हणून मातीत मिसळल्या होत्या. लाकडात कर्ब प्रचंड, नत्र नावालाच. ते मातीत मिसळलं की कुजवणारे जीवाणू आणि बुरशी लागणारं नत्र मातीतून ओढतात आणि पीक उपाशी राहतं. वर पसरलेलं असेल तर हा खेळ फक्त जिथे लाकूड आणि माती टेकतात त्या पातळ थरात चालतो, बाजूच्या वाफ्यातल्या मुळांना त्याचं काही नसतं. बाकीचे आठ वाफे याच वाटांना लागून होते आणि हिरवेगार होते, हे मी रागात बघितलंच नव्हतं. त्या वाफ्याला शेणखताची स्लरी दिली, महिन्याभरात वांगी सावरली.

वाळवी येते का, हे मला सगळे विचारतात. येते. ऑक्टोबरच्या उन्हात टोमॅटोच्या बांबूंना खालून मातीचा लेप चढलेला दिसला. जिवंत झाडाला माझ्याकडे काही झालं नाही, पण तेव्हापासून घराच्या जोत्यापासून आणि शेवग्याच्या बुंध्यापासून दीड फूट जागा मोकळी ठेवली आहे. गोमही निघते. रात्री अनवाणी जाऊ नका.

थर बसत बसत दिवाळीपर्यंत दोन इंचांवर आला, म्हणून भर घालायला एका वखारवाल्याकडे ढलप्या सांगितल्या. १,५०० ठरले, ७०० आगाऊ दिले. आलं काय, तर रंध्याचा कीस आणि भुसा, त्यात प्लायचे आणि एमडीएफ बोर्डाचे तुकडे, सनमायकाच्या चकत्या. तो म्हणतो, "लाकूडच आहे ना ताई, वाटेवरच टाकायचंय ना!" अहो, ती वाट उद्या कुजून माझ्या वाफ्यात जाणार आहे. एमडीएफ फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेलं असतं, ते मी भेंडीच्या मुळाशी कुजू देऊ? टेम्पो उतरवू दिला नाही. ७०० रुपये परत मिळाले नाहीत, चार फेऱ्या मारल्या, अजूनही संताप येतो. नुसता शुद्ध भुसा असता तरी घेतला नसता, तो पावसात दबून लगदा होतो आणि पाणी धरून ठेवतो. माझं आता पक्कं ठरलंय, झाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय माल घ्यायचा नाही. ओझरच्या नणंदेने द्राक्षबाग काढली तिथल्या खोडांच्या ढलप्या मिळाल्या. बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारलेलं असतं, त्यातलं तांबं कुजून जात नाही, म्हणून तो माल फक्त फाटकाजवळच्या वाटेवर वापरला.

आता मुख्य तक्रार. सातभाई. सात-आठ जणांचा थवा सकाळी उतरतो आणि ढलप्या उलथून खालचे किडे वेचतो. चोचीने एकेक ढलपी उडवतात ती थेट वाफ्यात. कोथिंबीर, मेथी, पालक यांच्या ओळींत रोज पसाभर ढलप्या. नऊ महिने रोज सकाळी मी त्या वेचून परत वाटेवर टाकते आहे. जाळी लावली, थोडी दूर पुन्हा तेच. पक्ष्यांवर राग धरवत नाही, कारण त्यांना खायला मिळतं म्हणजे खाली जीव आहे. पण मेथीची जुडी हातात घेतली की भीती वाटते.

जानेवारीत चूक सापडली. वाट आधी खोल करून ती माती वाफ्यावर चढवायला हवी होती. मी सपाट जमिनीवरच ढलप्या ओतल्या, त्यामुळे वाट आणि वाफा एकाच पातळीवर आले. आता एक वाट चार इंच खाली घेतली आणि कडेला जुन्या वाड्याची मंगलोरी कौलं उभी गाडली. त्या वाटेच्या वाफ्यात ढलपी येणं जवळपास थांबलं आहे.

ती वाट खणताना खालचं बघितलं तेव्हा हातातलं काम ठेवून बसून राहिले. वरचा इंचभर थर सुटा, त्याखाली पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि तळाला काळंभोर, रानाच्या वासाचं, गांडुळांनी भरलेलं खत. ज्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, ती चहाच्या भुकटीसारखी फुटत होती. वाळूच्या चाळणीने चाळलं, एका वाटेतून अकरा घमेली निघाली. वरच्या जाड ढलप्या परत वाटेवर. विकतचं गांडूळखत आणते तेव्हा काय पडतं ते मला माहीत आहे. ते ३,१०० आता डोक्यातून गेले.

उरलेल्या वाटा मेच्या आत खोल करणार आहे, कौलं सांगून ठेवली आहेत. मेथी-कोथिंबीर कुंपणाकडच्या वाफ्यात हलवली, तिथे वाट मातीचीच ठेवली आहे. ढलप्यांच्या कडेला वांगी, मिरची आणि दोडक्याचा मांडव. आईंचं बोट बरं आहे. काल त्यांनी स्वतःहून नव्या वाफ्यातली मेथी काढून आणली, मातीच्या वाटेने, आणि ओट्यापाशी चप्पल झटकत मला म्हणाल्या, "इथेही टाक की थोड्या."