निवड देवाची की माणसाची? साक्ष देणाऱ्याला कोणती बाजू पेलते

तारण कुणाचं व्हावं हे देवाने आधीच ठरवलंय, की येशूला हो म्हणणं माणसाच्या हातात आहे? हा वाद आमच्या घरात लग्नाबरोबरच आला. मी नगरचा, अमेरिकन मराठी मिशनच्या घराण्यातला. बायकोचं माहेर मेथडिस्ट. १९७० साली अनेक पंथांची चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा आमचं चर्च आत गेलं, त्यांचं बाहेर राहिलं. माझ्या पणजोबांना सुवार्ता मिळाली ती देवाच्या निवडीवर भर देणाऱ्या कॅल्विनच्या परंपरेतून, तिच्या पणजोबांना माणसाच्या निर्णयावर भर देणाऱ्या वेस्लीच्या, म्हणजे मेथडिस्टांच्या मूळ पुरुषाच्या. दोघेही ख्रिस्ती झालेच, तेव्हा पुढचं सगळं तेवढं लक्षात ठेवूनच वाचा.

चर्चच्या तरुण संघातली मुलं विचारतात, ‘दादा, नेमकं काय धरायचं?’ रोमकरांस पत्राचा, देवाच्या निवडीबद्दलचा नववा अध्याय त्यांनी वाचलेला असतो, सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे हे तीमथ्याच्या पत्रातलंही वाचलेलं असतं. याच वादावर भरलेली डॉर्टची सभा आणि कॅल्विनच्या बाजूचे ते पाच मुद्दे मोबाइलवर पाहून झालेले असतात. ते मी पुन्हा उगाळत नाही. साक्ष द्यायची, म्हणजे माणसासमोर बसून येशूबद्दल बोलायची वेळ येते तेव्हा कोणती बाजू कशी वागते, एवढंच सांगतो.

वेस्लीच्या बाजूची ऊब मी सासूबाईंमध्ये पाहिली. एसटीत शेजारी कोण बसलंय, दवाखान्यात पलीकडच्या खाटेवर कोण आहे, याचा त्या विचारच करत नाहीत; डबा उघडून अर्धी भाकरी पुढे करतात आणि बोलायला लागतात. येशू सगळ्यांसाठी मेला, म्हणजे या बाईसाठीही मेला, संपलं. इतकी मोकळीक आमच्या बाजूचे चार ग्रंथ वाचूनही येत नाही, हे कबूल. आणि १७३९ च्या प्रवचनात वेस्लीने केलेला सवाल रास्तच होता: सगळं आधी ठरलेलं असेल तर उपदेश फुकटच नाही का?

त्याचा मित्र व्हाइटफिल्ड, तोही उपदेशकच, पण देवाच्या निवडीच्या बाजूचा. त्याचं उत्तर असं, की देवाने शेवट नेमला तसं साधनही नेमलं. शिवाय निवडलेला कोण हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांनाच सांगायचं. एवढं लिहून तो घरी बसला नाही, उघड्या मैदानांवर हजारोंपुढे बोलत फिरला. दोघांचं चांगलंच बिनसलं होतं, तरी १७७० मध्ये व्हाइटफिल्ड गेल्यावर त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच केलं.

निवडीच्या बाजूला आळशी माणसं सापडतात, हा आरोप मात्र खोटा नाही. आमच्याकडे एक मुलगा आहे. निर्णय माणसाचा म्हणणारा आर्मिनियस कुठे चुकला ते पाळकसाहेबांना समजावून सांगतो, पण समोरच्या दाराच्या काकांना येशूबद्दल चकार शब्द कधी बोलला नाही. पण दोष सिद्धांताला द्यावा, तर आमचा इतिहास आडवा येतो. आमच्या मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला तो कॅल्विनचीच शिकवण घेऊन, आणि १८१८ मध्ये त्याने सोबती सॅम्युएल न्यूवेलबरोबर सुवार्ता न ऐकलेल्या साठ कोटी माणसांचा हिशोब मांडून अमेरिकेकडे आणखी मिशनरी मागितले. न्यूवेल १८२१ मध्ये पटकीने गेला, हॉल १८२६ मध्ये, तोही पटकीनेच, गावोगाव फिरत असताना. हॉलने तेरा वर्षं काढली आणि त्यात बाप्तिस्मे जेमतेम. आकड्यांवर जगणारा माणूस दुसऱ्या वर्षीच परतीच्या बोटीत बसला असता, असं आपलं मला वाटतं.

आकड्यांचंच म्हणाल, तर माझं मन तिथेच फिरलं. काही वर्षांपूर्वी एका संजीवन सभेत, म्हणजे लोकांना विश्वासाकडे बोलावणाऱ्या मोठ्या सभेत, मी स्वयंसेवक होतो. मंडप, हॅलोजन, खुर्च्या भाड्याच्या. माझ्या हातात कार्डांचा गठ्ठा: नाव, पत्ता, मोबाइल आणि खाली चौकट, ‘आज मी निर्णय घेतला’. उपदेश खरंच चांगला झाला. मग वक्ते म्हणाले, ‘एक शेवटचं कडवं, ज्याला यायचंय त्याने पुढे यावं.’ पेटी सुरू झाली. चारपाच जण उठले. ‘अजून कोणीतरी आहे, मला जाणवतंय. पुन्हा एकदा शेवटचं कडवं.’ ते शेवटचं कडवं आम्ही सहा वेळा म्हटलं. पेटीवाल्याने मान न वळवता घड्याळ पाहिलं. माझ्या पुढ्यात आलेल्या आजी हसून म्हणाल्या, ‘लिही बाळा, मागच्या वर्षीही तूच लिहिलं होतंस.’ मी लिहिलं. आकडा माइकवरून जाहीर झाला, त्यात आजी होत्या. मी सोबत आणलेला मित्र जागेवरून हललाच नाही, तेव्हा एक जण कानाशी येऊन म्हणाला, ‘तुमची प्रार्थना कमी पडली.’

त्या रात्री मला झोप नव्हती.

हे वेस्लीचं नव्हे, असं बायको मला दर वेळी सुनावते आणि तिचं बरोबर आहे. पश्चात्तापी माणसांसाठी पुढचा बाक राखून ठेवायची पद्धत अमेरिकेत १८३० च्या सुमारास फिनी नावाच्या उपदेशकाने रूढ केली, वेस्लीनंतर कितीतरी वर्षांनी. पण शेवटचा शब्द माणसाचा म्हटलं की तो शब्द वदवून घ्यायचं ओझं बोलणाऱ्याच्या डोक्यावर येतं, आणि मग एक कडवं वाढवायला कितीसा वेळ लागतो?

याच्या शेजारी कवी रेव्हरंड टिळकांची गोष्ट ठेवून पाहा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण होता, कुणालाच कळलं नाही. सासूबाई म्हणतात, ‘बघा, तो बोलला म्हणून झालं.’ मी म्हणतो, त्याला त्या डब्यात बसवलं कुणी? यावर आमचा चहा दोनदा गार झाला आहे. पण पुस्तक देऊन आपल्या स्टेशनावर उतरून जाणं मला जमण्यासारखं वाटतं. पेटीवाल्याला थांबवून ठेवणं नाही.

तुमचा स्वभाव मुळातच गप्प राहण्याचा असेल, तर कदाचित सासूबाईंची बाजू तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. निवडीच्या आडोशाला दडी मारणं फार सोपं असतं. मी उलट जातीचा, सगळा भार स्वतःवर घेणारा. करिंथ नगरात प्रेषित पौल घाबरला तेव्हा प्रभूने त्याला सांगितलं की बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. पौलाला त्यातला एकही चेहऱ्याने ठाऊक नव्हता. मला बोलायला तेवढं वाक्य पुरतं.

त्या सभेतल्या मित्राला मी नंतर नवा करार दिला. त्याच्या टेबलावर, बिलांच्या फायलीखाली असतो. मी विचारत नाही. गेल्या महिन्यात त्यानेच विचारलं, ‘एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, असं लिहिलंय. तुम्ही लोक करता का खरंच?’ मी म्हटलं, ‘क्वचित.’ तो हसला, आणि पान दुमडून ठेवलं.