नाकावरचा बायलोब्ड फ्लॅप : काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. फ्लॅप (म्हणजे शेजारचीच त्वचा एका बाजूनं जोडलेली ठेवून सरकवणं) करून घेतल्याचं समाधान आहे; पण ऑपरेशननंतर दीडेक महिन्यानं कुणी विचारलं असतं, तर तोंडून शिव्याच निघाल्या असत्या.

नाकाच्या शेंड्याजवळ बेसल सेल कार्सिनोमा होता. त्वचेचा हा कॅन्सर सहसा इतरत्र पसरत नाही, पण जागच्या जागी कुरतडत राहतो. तो काढल्यावर साधारण सेंटिमीटरभर रुंदीचा खड्डा उरला. कडा स्वच्छ असल्याचा, म्हणजे तिथं कॅन्सर उरला नसल्याचा, रिपोर्ट आल्यावरच डॉक्टरांनी तो बुजवायला घेतला. ते बरोबरच, कारण खाली काही राहून गेलं आणि वर फ्लॅप आला, तर मागाहून ते हुडकणं अवघड जातं.

कानाजवळची त्वचा काढून ग्राफ्ट लावायचा, की शेजारचीच त्वचा सरकवायची, एवढाच प्रश्न होता. ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालून रक्तवाहिन्या शिरेपर्यंत तो उसनवारीवर जगतो, आणि या जागी पुष्कळदा फिका, खोलगट दिसतो. फ्लॅप एका बाजूनं जोडलेलाच राहतो, म्हणून रक्त चालू राहतं. शिवाय शेंड्याची त्वचा जाड, तेलकट, मोठ्या छिद्रांची. तिच्याशी मेळ खाणारी त्वचा नाकावरच मिळते.

माझा फ्लॅप बायलोब्ड, म्हणजे दोन पाकळ्यांचा. शेजारची पहिली पाकळी खड्ड्यात, दुसरी छोटी पाकळी पहिलीच्या जागी, आणि दुसरीची जागा सरळ शिवून बंद. कारण ती नाकाच्या वरच्या बाजूला, जिथं त्वचा सैल असते. शेंड्यापाशी ओढायला काही नसतंच; तिथं बळंच शिवलं तर नाकपुडी वर खेचली जाते. जुन्या पद्धतीत फ्लॅप एकूण १८० अंशांपर्यंत फिरवत. त्वचेचे सर्जन झिटेली यांनी १९८९ मध्ये ते ९० ते १०० अंशांवर आणलं, त्यामुळे ताण कमी झाला आणि बुडाशी उठणारे त्वचेचे उंचवटेही.

याची किंमत म्हणजे एवढ्याशा खड्ड्यासाठी निम्म्या नाकावर टाके. हे आरशात दिसण्याआधी कुणीतरी चित्र काढून दाखवायला हवं. मला दाखवलं होतं, तरीही दचकलोच.

भुलेची सुई मात्र झोंबते, नाकावर फारच. पुढचं दुखत नाही, फक्त कात्रीचा आवाज कानात येतो. दुसऱ्या दिवशी खालच्या पापण्याही सुजल्या. टाके आठवड्याभरात निघाले, फ्लॅप सपाट दिसत होता, मी खूश.

मग काही आठवड्यांनी तो फुगायला लागला. गोलाकार व्रण आतून आवळतो आणि मधला भाग वर येतो. याला ट्रॅपडोअर म्हणतात. शेंड्यावर चक्क उशी आली. डॉक्टर निवांत. बोटानं दाबून मालिश सांगितलं आणि ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट फ्लॅपमध्ये दिलं. महिन्यागणिक उशी बसत गेली. ज्यांना लवकर फोटो काढून निर्णय द्यायची घाई असते त्यांनी हे ध्यानात ठेवावं: व्रण पिकायला वर्षसुद्धा लागतं.

चष्म्याचं कुणी सांगत नाही. दुसऱ्या पाकळीची शिवण नेमकी पॅड टेकतं तिथं आली. सुरुवातीला दांडीला मेडिकल टेप लावून चष्मा कपाळाला चिकटवून वाचायचो. शेंडा अजून थोडा बधिर आहे. माशी बसली तरी उशिरा कळतं. सनस्क्रीन रोज, नाहीतर व्रणाची रेघ गडद होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना डॉक्टर आधीच बंद करायला लावतात, कारण निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपची कड काळी पडू शकते.

हा फ्लॅप साधारण दीड सेंटिमीटरपर्यंतच्या खड्ड्याला चालतो. गालावर पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा लिंबर्ग फ्लॅप करतात. नाकपुडीसाठी गालाच्या घडीतली त्वचा घेतात, पण पुरुषांनी विचारून घ्यावं, दाढीचे केस नाकावर उगवू शकतात. मोठ्या खड्ड्याला कपाळाचा फ्लॅप. त्याचा देठ तीनेक आठवडे भुवईपासून नाकापर्यंत लोंबत ठेवून मग कापतात. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या त्वचेनं बनवल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली होती. भूलही नसताना! माझी तक्रार त्यापुढे काहीच नाही.

बाजूनं उजेड पडला की एक कड अजून किंचित उंच दिसते. ती डर्माब्रेजननं घासून सपाट करता येईल, असं डॉक्टर म्हणतात. मी नको म्हटलंय. चष्म्याच्या पॅडचे वळ त्याहून जास्त दिसतात.