ओबीएमची बल्बवाली पेट्रोल नळी: बल्ब बरा, क्लिपा टाकाऊ

बडोद्यात बोटीचं इंजिन (ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची आउटबोर्ड मोटर) वर्षातले बरेच महिने छपराखाली पडून असतं आणि लागतं ते विश्वामित्री नदी फुगल्यावर. मग दोरी ओढली की दोन मिनिटं चालतं, गुदमरतं, बसतं. आणि सगळे प्लग उघडायला धावतात. पडून राहिलेल्या इंजिनात आधी संशय घ्यावा तो पेट्रोलच्या वाटेवर. त्या वाटेचा सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे टाकी ते इंजिन ही नळी, म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या बिनब्रँडच्या सेटबद्दल लिहितो.

सेटमध्ये दोन मीटर नळी (आतला व्यास ८ मिमी), मध्ये बल्ब (हाताने दाबून पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा रबरी फुगा), चार क्लिपा आणि इंजिनाकडचा कनेक्टर. बल्ब चांगला आहे. त्याचे दोन्ही एकमार्गी वाल्व नीट बसतात: नळी कोरी असतानाच इंजिनाकडच्या टोकातून फुंकून पाहा, हवा जाता कामा नये, टाकीकडून मात्र सहज जावी. बाण इंजिनाकडे ठेवायचा, आणि पेट्रोल भरताना बल्ब उभा धरायचा, बाण वर. आडवा धरून दाबत बसणाऱ्याचा अंगठा दुखतो, बल्ब काही भरत नाही.

क्लिपा मात्र उघडल्या उघडल्या फेकून द्या. प्लॅस्टिकच्या आहेत, उन्हात ढिल्या पडतात. इथली गोम अशी की टाकी इंजिनापेक्षा खालच्या पातळीवर असल्यामुळे पंप पेट्रोल ओढतो, नळीत आतल्या बाजूला ओढ असते. सांधा ढिला असला तरी बाहेर थेंब दिसत नाही, उलट हवा आत जाते. नळी कोरडी, वास नाही, तरी इंजिन उपाशी. स्टेनलेस स्टीलचे स्क्रूवाले क्लॅम्प लावा.

कनेक्टर घेताना डोळे उघडे ठेवा. यामाहा, सुझुकी, तोहात्सू यांची टोकं एकमेकांना बसतीलच असं नाही. अर्धवट बसला तर बल्ब दगडासारखा कडक होतो आणि कार्ब्युरेटर कोरडा.

बाकी निदान बल्बच करतो. चालू इंजिनावर तो चपटा होत असेल तर अडथळा टाकीकडे आहे: आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा (निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात), मग टाकीतल्या नळीची जाळी साफ करा. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर सांध्यातून हवा शिरतेय, वाल्व गेलाय, किंवा फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या तरंगाची) पेट्रोल अडवणारी सुई अडकून कार्ब्युरेटर वाहतोय. दाबत राहिलं की चालतं, सोडलं की बंद, असं असेल तर हवेची गळती आधी तपासा; ती नसेल तर पंपाचा डायफ्रॅम (पातळ पडदा) बदला. टू-स्ट्रोकमध्ये तो क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो, त्यामुळे सुईएवढं भोकही पुरे.

नळीवर एसएई जे१५२७ (बोटीच्या पेट्रोल नळीचं मानक) अशी छपाई नाही, ही मोठी उणीव. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला न टिकणारं रबर आतून फुगतं, त्याचे कपटे सुटून बल्बच्या वाल्वमध्ये नाहीतर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (बारीक भोकात) अडकतात. पावसाळ्याआधी टोकाचा एक सेंटीमीटर कापून आतून नखाने खरवडा. चिकट लागला तर नळी बदला.

आणि नवी नळी जुन्या पेट्रोलला लावू नका. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की त्या दोघांचा थर तळाशी बसतो, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये तर त्या थरात तेल नसतंच, म्हणजे पिस्टन कोरडा. बारा लिटरची टाकी पूर्ण रिकामी करून ताजं भरा, टू-स्ट्रोक असेल तर ५०:१ (पेट्रोल:तेल) साठी २४० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल घालून, आणि काम झालं की कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, पण इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याशिवाय मात्र नाही.

पाचात साडेतीन. क्लॅम्प स्टीलचे दिले असते तर चार.