लग्न मोडलं, हनिमूनचं बुकिंग तसंच आहे: विमा, रद्द करणं की एकट्याने जाणं?

अशा वेळी घरात पैशांचा विषय काढायला कोणी धजत नाही, पण बुकिंगच्या मुदती थांबत नाहीत. म्हणून आधी सगळ्या पावत्या एकत्र करा आणि प्रत्येकीवरची रद्द करण्याची मुदत पाहा. हॉटेलची मुदत बहुधा तिथल्या स्थानिक वेळेनुसार असते.

विमा

भारतातल्या प्रवास विम्यात ‘ट्रिप कॅन्सलेशन’ असलं तरी ते पॉलिसीत लिहिलेल्या कारणांपुरतंच: मृत्यू, गंभीर आजारपण, नैसर्गिक आपत्ती वगैरे. साखरपुडा मोडणं, घटस्फोट किंवा बेबनाव सहसा त्या यादीत नसतो, त्यामुळे यावर भिस्त ठेवू नका. ‘डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, क्लेम बसवतो’ म्हणणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नका. ती सरळ फसवणूक आहे.

पॉलिसीचा हप्ता मात्र बऱ्याचदा थोडी कपात होऊन परत मिळतो. पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेआधी रद्द करा. नंतर केली तर प्रवास झालाच नाही हे दाखवायला पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती मागतात.

अमेरिकेत राहणाऱ्यांना ‘कॅन्सल फॉर एनी रीझन’, म्हणजे कोणत्याही कारणाने रद्द करता येईल असं जादा कव्हर मिळतं. बुकिंगचे पहिले पैसे भरल्यापासून साधारण 14 ते 21 दिवसांत ते घ्यावं लागतं, बहुधा निघण्याच्या 48 तास आधी रद्द करावं लागतं आणि खर्चाच्या 50 ते 75 टक्केच हाती येतात.

रद्द करणं

निघायला बरेच दिवस असतील तर बहुतेकांसाठी हाच बरा मार्ग. टूर कंपनीची कपात टप्प्याटप्प्याने वाढते. पुढचा टप्पा कोणत्या तारखेला लागतो ते करारात बघा आणि त्याआधी लेखी ईमेल करा. फोनवरचं बोलणं धरत नाहीत.

विमान तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी भारतीय विमान कंपन्यांना डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमाप्रमाणे कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावं लागतं. ते मागा. युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या शेंगेन व्हिसाचे 90 युरो मात्र गेले ते गेले.

रिफंड ज्या कार्डावरून पैसे भरले त्यावरच जातो. निम्मे पैसे मुलीकडच्यांनी दिले आणि कार्ड मुलाचं असेल, तर वाटणी आधी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.

तारीख पुढे ढकलणं

चेंज फी आणि भाड्यातला फरक दोन्ही भरावे लागतात. दोघांच्या नावाने एकच क्रेडिट नोट (पैशांऐवजी पुढच्या बुकिंगला वापरायची जमा रक्कम) मिळत असेल तर रोख परतावा थोडा कमी असला तरी तोच घ्या. नाहीतर वर्षभर त्याच माणसाशी व्यवहार करत राहावं लागतं.

एकाने जाणं

मुदती उलटल्या असतील आणि मन तयार असेल तर हा पर्याय खुला आहे. इथे सगळ्यात जास्त घोटाळा तिकिटाचा होतो. दोघांची नावं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असतात. ॲपमध्ये घाईने ‘कॅन्सल’ दाबलं तर दोन्ही सीटं जाऊ शकतात. आधी विमान कंपनीकडून किंवा एजंटकडून पीएनआर स्प्लिट, म्हणजे दोघांचे वेगवेगळे, करून घ्या, नवा क्रमांक तपासा आणि मगच एक तिकीट रद्द करा.

दुसऱ्याच्या जागी बहिणीला किंवा मित्राला पाठवता येत नाही. विमान तिकिटावर स्पेलिंग सुधारून मिळतं, माणूस बदलून मिळत नाही. पॅकेजमध्ये मात्र तिकिटं निघण्याआधी नाव बदलता येईल का, ते विचारून पाहा. एकट्याला खोलीचा जादा आकारही लागतो, तो आधी लेखी मागवा.

व्हिसा जोडीदाराच्या बँक स्टेटमेंटवर मिळाला असेल तर स्वतःच्या पैशांचा पुरावा, बदललेलं हॉटेल बुकिंग आणि आपल्या एकट्याच्या नावाची पॉलिसी जवळ ठेवा. इमिग्रेशनला विचारलं तर ‘आता एकटीच प्रवास करतेय’ किंवा ‘करतोय’ एवढं खरं उत्तर पुरतं.

परदेशी पॅकेजवर टीसीएस (पॅकेज विकताना कंपनीने वसूल केलेला आयकर) कापला गेला असेल आणि तो सरकारजमा झाला असेल, तर ज्याच्या पॅनवर भरला त्याच्या आयकर खात्यातल्या कर-जमा नोंदीत (फॉर्म 26एएस) तो दिसतो. रिटर्न भरताना त्याने तो वळता करून घ्यावा आणि वाटणीत तो त्याच्या बाजूला धरावा.